पिवळ्या जर्सीचा सातबारा

2025 चा एप्रिल संपता संपता एक बातमी फुटली. 2026 च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझीलची दुसरी जर्सी, म्हणजे समोरचा संघही पिवळा निघाला तर घालायची ती, निळ्याऐवजी लाल असणार. जर्सी बाजारात येण्याआधीच तिची चित्रं बाहेर काढण्यात पटाईत असलेल्या एका संकेतस्थळाची ही बातमी. ब्राझीलच्या फुटबॉल महासंघानं काही जाहीर केलेलं नव्हतं, जर्सी बनवणाऱ्या नायकी कंपनीनं तर नाहीच. पण वणवा पेटायला तेवढं पुरलं. गाल्व्हाव ब्युएनो या समालोचकाचा आवाज ऐकत तिथल्या दोन पिढ्यांनी फुटबॉल पाहिला. त्यानं हा इतिहासाचा अपमान ठरवला. उजवे माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्या गोटाला त्या लाल रंगात डावे राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या पक्षाचा झेंडा दिसला. डाव्यांमधल्या काहींना गुदगुल्या झाल्या, काहींना धडकी भरली. महासंघानं घाईघाईनं खुलासा केला की फिरणारी चित्रं अधिकृत नाहीत, पिवळा आणि निळाच कायम आहे. पुढे खुर्चीवर आलेल्या नव्या अध्यक्षांनी लाल जर्सी आपणच थांबवली असं सांगून टाकलं आणि वाद मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं. माझ्या मते त्यात मुद्दा निघालाच नाही.

कारण दोन्ही बाजू रंगावर भांडत होत्या. लाल चालेल का, लाल कुणाचा, पिवळा किती पवित्र, एवढ्याभोवतीच सगळं फिरत राहिलं. माझं म्हणणं वेगळं आहे. राष्ट्रीय संघाच्या जर्सीचा रंग बदलता येतो, अनेक देशांनी तो बदललाय आणि कुणावर आभाळ कोसळलेलं नाही. पण तो परस्पर बदलता येत नाही. जमिनीच्या भाषेत सांगायचं तर या सातबाऱ्यावर नाव महासंघाचं आहे, पीक कंपनी काढते, पण वहिवाट लोकांची आहे. वहिवाटदाराला अंधारात ठेवून गुपचूप फेरफार करून घेणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणतात ते इथं लिहायला नको. उपमा ओढूनताणून आणलेली वाटत असेल तर ही पिवळी जर्सी जन्माला कशी आली ते पाहू.

16 जुलै 1950. रिओचं माराकाना मैदान. तिकिटं काढून आत आलेल्यांचा आकडाच 1,73,850 होता, प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास माणसं असावीत. ब्राझीलला विश्वविजेता व्हायला उरुग्वेविरुद्ध बरोबरीसुद्धा पुरली असती. उत्तरार्ध सुरू होताच ब्राझीलनं गोलही केला. मग उरुग्वेच्या स्किआफिनोनं बरोबरी साधली आणि अकरा मिनिटं उरली असताना गिज्जानं उजवीकडून येऊन गोलरक्षक बार्बोझा आणि जवळचा खांब यांच्या फटीतून चेंडू आत घातला. 2-1. त्या दिवशी ब्राझीलच्या अंगावर काय होतं? पांढरी जर्सी, निळी कॉलर. पराभवानंतर खापर दोघांच्या डोक्यावर फुटलं: बार्बोझाच्या आणि त्या पांढऱ्या जर्सीच्या. या रंगात देश दिसतच नाही, अशी ओरड सुरू झाली. जर्सीची निदान सुटका तरी झाली. बार्बोझाची झाली नाही. ब्राझीलमध्ये कमाल शिक्षा 30 वर्षांची, मी मात्र 50 वर्षं भोगतोय, असं तो म्हणायचा. 2000 साली तो गेला तेव्हा खरोखरच पन्नास वर्षं भरत आली होती.

1953 मध्ये ‘कोरेयु दा मान्यां’ या रिओच्या वृत्तपत्रानं क्रीडा महासंघाला बरोबर घेऊन नव्या पोशाखाची खुली स्पर्धा लावली. अट एकच, पण अवघड: झेंड्यातले चारही रंग हवेत. हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. चित्रकलेत थोडा हात बसलेल्या कुणालाही विचारा, तीन रंग कसेबसे नांदतात, चौथा आला की घरात भांडण. जिंकला तो आल्दिर गार्सिया श्ली नावाचा, जेमतेम एकोणीस वर्षांचा, वृत्तपत्रांसाठी चित्रं काढणारा मुलगा. त्यानं शंभरावर कच्ची चित्रं काढली, रंगांच्या जोड्या लावून पाहिल्या, मोडल्या, आणि शेवटी त्याला सुचलं की चौघांना एका खोलीत कोंबायलाच नको. सदरा पिवळा, त्याच्या गळ्याला आणि बाह्यांना हिरवी किनार, चड्डी निळी, तिच्या कडेला पांढरा पट्टा, मोजे पांढरे. आज जगातल्या कुठल्याही गल्लीतलं पोर डोळे मिटून सांगेल असा तो पोशाख.

यातली गंमत पुढे आहे. श्ली होता देशाच्या अगदी दक्षिण टोकाच्या जागुआरांव गावचा. मध्ये नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे उरुग्वे. 1950 च्या त्या दुपारी तो पलीकडच्या गावात सिनेमा बघत होता. खेळ मध्येच थांबवून उरुग्वे जिंकल्याचं सांगितलं गेलं आणि थिएटरातली माणसं जागेवर उठून उभी राहिली. मोठेपणी हा मुलगा लेखक झाला, प्राध्यापक झाला आणि आपला जीव उरुग्वेच्या संघात अडकलाय हे त्यानं कधी लपवलं नाही. म्हणजे ज्या जर्सीच्या पावित्र्यासाठी एप्रिल 2025 मध्ये आकांडतांडव झालं, ती मुळात एका पराभवाच्या शरमेतून, वृत्तपत्राच्या स्पर्धेतून आणि सीमेवरच्या एका अर्ध्या परक्या मनाच्या पोराच्या हातून आलेली आहे. परंपरा म्हणून जिचा हवाला दिला जातो ती एका मोडलेल्या परंपरेच्या जागी आणून बसवलेली आहे. पण तिची जुळणी चव्हाट्यावर झाली होती. अट छापली होती, चित्रं कुणीही पाठवू शकत होतं, निकाल लोकांसमोर लागला. ‘रंग बदलू नका’ म्हणणारे हे विसरतात, आणि ‘बदलला तर काय बिघडलं’ म्हणणारेही हेच विसरतात.

बरं, नवा पोशाख आला म्हणून अर्थ लगेच आला का? 1954 च्या विश्वचषकात पिवळा ब्राझील उपांत्यपूर्व फेरीत हंगेरीकडून 4-2 असा हरला, वर मारामारी करून आला. 1958 मध्ये स्वीडनमध्ये अंतिम सामन्याला समोर यजमान, आणि त्यांचाही रंग पिवळाच. पिवळ्यात कोण खेळणार याची चिठ्ठी टाकली, तीत ब्राझील हरला. दुसरी जर्सी सोबत नव्हती. स्टॉकहोममध्ये निळे सदरे विकत घेतले, पिवळ्या जर्सींवरची बोधचिन्हं उसवून त्यांच्यावर शिवली. खेळाडू अपशकुनाच्या विचारानं धास्तावलेले. तेव्हा पथकाचे प्रमुख पाउलू माशादू दि कार्वाल्यू यांनी त्यांना समजावलं की हा निळा म्हणजे आपल्या देशाच्या पाठीराख्या अपारेसिदा मातेच्या (मेरीच्या) शालीचा रंग आहे. ब्राझील 5-2 नं जिंकला. पहिला विश्वचषक ब्राझीलनं दुकानातून आणलेल्या निळ्या सदऱ्यात उचलला! आणि हा ब्राझीलपुरता योगायोग नाही. एरवी पांढऱ्यात खेळणाऱ्या इंग्लंडनं आपला एकमेव विश्वचषक 1966 मध्ये लाल जर्सीत जिंकला. ज्या संघाला लोक ‘ला रोखा’, म्हणजे ‘लाल’, म्हणतात त्या स्पेननं 2010 चा अंतिम सामना गडद निळ्यात जिंकला आणि चषक हाती घेण्याआधी धावत जाऊन लाल जर्सी चढवली. तिन्ही देशांचं पहिलं विश्वविजेतेपद परक्या रंगातलं. 1986 मध्ये इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाच्या अंगावरचा निळा सदरा तर मेक्सिको सिटीतल्या दुकानातून ऐन वेळी आणलेला होता. बोधचिन्ह घाईत शिवलेलं, आकडे चंदेरी, अमेरिकन फुटबॉलच्या जर्सीवर शोभावेत तसे. 2022 च्या लिलावात त्याला 71 लाख पौंडांहून जास्त किंमत आली. ती कापडाची होती की शिलाईची?

जर्सीला अर्थ खेळामुळे येतो आणि तो खेळ बघणाऱ्यांच्या आठवणीत मुरतो. संकल्पचित्राखाली छापलेल्या चार ओळींत तो नसतो. हे मान्य केलं की उलट बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा समोर येतो आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतील: ठीक आहे, पिवळा देवानं दिलेला नाही, पण सत्तर वर्षं लोकांनी त्यात जे साठवलंय ते खरं आहे, आणि दुभंगलेल्या देशात सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी फार थोड्या उरतात. तिथं 2025 साली लाल हा साधा रंग नाही, तो एका पक्षाचा आहे. तो राष्ट्रीय संघाच्या अंगावर चढवणं म्हणजे अर्ध्या देशाला ‘हा संघ तुमचा नाही’ असं सांगणं. हा मुद्दा मला पटतो. हौसेखातर लाल करायला ही वेळ नव्हतीच. दुसऱ्या जर्सीत नाही तरी काय फरक पडतो, हे उत्तरही लंगडं आहे. 1958 चा निळा दुसऱ्या जर्सीचाच होता.

पण हाच मुद्दा पुढे रेटला तर तो रेटणाऱ्यांवरच उलटतो. पिवळा तरी कुठे निष्पक्ष राहिला होता? 2015 आणि 2016 मध्ये लुलांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांच्याविरुद्धचे मोर्चे पिवळ्या जर्सीत निघाले. 2018 पासून ती बोल्सोनारोंच्या सभांचा गणवेशच झाली. 8 जानेवारी 2023 ला ब्राझिलियात संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत घुसून काचा, खुर्च्या, चित्रं फोडणाऱ्या जमावाची छायाचित्रं पाहा; बहुतेकांच्या अंगावर श्लीची पिवळी आहे. त्या काळात पिवळी जर्सी घालून बाहेर पडलो तर लोक आपल्याला भलतंच काही समजतील म्हणून निळी किंवा जुनी पांढरी घालणारे ब्राझीलवासी थोडेथोडके नव्हते. मग पक्षाचा रंग नको म्हणणाऱ्यांनी तेव्हा तोंडाला कुलूप का लावलं होतं? एका बाजूनं ढापलेला रंग ‘राष्ट्रीय’ आणि दुसऱ्या बाजूच्या झेंड्यावरचा रंग ‘राजकीय’, हे मोजमाप कुठल्या तराजूतलं?

झेंड्यात लाल नाही, हा युक्तिवादही असाच अर्ध्यावर सोडलेला. महासंघाच्या घटनेत झेंड्याच्या रंगांचा आग्रह आहे हे खरं, विशेष प्रसंगाच्या जर्सीला तीत सूट आहे हेही खरं. पण झेंड्याचे रंग तरी आले कुठून? शाळेत मुलांना सांगतात, हिरवा म्हणजे जंगलं आणि पिवळा म्हणजे सोनं. प्रत्यक्षात 1822 मध्ये साम्राज्याचा झेंडा ठरला तेव्हा हिरवा होता सम्राट पेद्रूच्या ब्रागांसा घराण्याचा आणि पिवळा त्याची राणी लिओपोल्दिना हिच्या हाप्सबर्ग माहेराचा. 1889 मध्ये राजेशाही गेली, घराण्यं गेली, रंग राहिले आणि लोकांनी त्यांना जंगल आणि सोनं असा नवा अर्थ दिला. याला कुणी खोटा इतिहास म्हणेल, मी म्हणेन लोकांनी वहिवाटीनं मिळवलेला हक्क. इटलीतही हेच झालं. त्यांच्या झेंड्यात निळा औषधालासुद्धा नाही. तो साव्हॉय राजघराण्याचा. 1946 मध्ये इटालियनांनी मतदान करून राजाला घालवलं, झेंड्यावरची त्याची ढाल काढली, पण निळी जर्सी ठेवली. त्याआधी मुसोलिनीनंही हात मारून पाहिला होता: 1938 च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध इटलीचा संघ फॅसिस्टांच्या काळ्या रंगाच्या जर्सीत उतरला, सामना 3-1 असा जिंकलाही, आणि तरी आज काळा कुणाला आठवत नाही. वरून लादलेला रंग जिंकूनसुद्धा रुजला नाही.

आणि लाल परका म्हणाल तर ब्राझील हे नावच लाल आहे. पाऊ-ब्राझील नावाच्या झाडाच्या गाभ्यातून तांबडा रंग निघतो. पोर्तुगीजांनी तिथं पहिला मोठा व्यापार मांडला तो या लाकडाचा, आणि त्यावरूनच देशाचं नाव पडलं. त्याही आधी युरोपात ‘ब्राझील’ म्हणत ते आशियातून जाणाऱ्या त्याच्या चुलतभावाला, ज्याला आपण पतंगाचं लाकूड म्हणतो. मैदानावरही लाल अगदीच नवा नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या जुन्या स्पर्धांमध्ये रंग जुळले तेव्हा ब्राझील लाल सदऱ्यात खेळलेला आहे. तेव्हा लालचं समर्थन करायला इतिहासात हवा तेवढा दारूगोळा होता. पण लाल आणू पाहणाऱ्यांनी यातला एक शब्द तरी लोकांसमोर मांडला का? नाही. चित्रं फुटली, कंपनी गप्प, महासंघानं हात झटकले. मांडला असता आणि लोकांनी झिडकारला असता, तर ते झिडकारणंही शहाणपणाचं ठरलं असतं.

डाव्यांमधला एक गट उलट टोकाला जाऊन म्हणतो: पिवळी बाटली, आता सोडून द्या, पांढऱ्याकडे परत जा. पांढऱ्याची आठवण पुसली गेलेली नाही. 2019 मध्ये कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेतल्या पहिल्या विजयाची शंभरी म्हणून ब्राझील बोलिव्हियाविरुद्ध पांढऱ्यात उतरला आणि सामना जिंकला. ज्या माणसाला पिवळ्या घोळक्यानं रस्त्यात अडवलं, शिव्या दिल्या, त्याला ‘रंग कसा बाटेल?’ असं घरात बसून सांगणं सोपं आहे, हे मी जाणतो. तरी मला 24 जून 1995 आठवतो. जोहान्सबर्गचं एलिस पार्क, रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि नेल्सन मंडेला मैदानात आले ते दक्षिण आफ्रिकेचा कप्तान पिनारच्या सहा क्रमांकाची, हिरवी, स्प्रिंगबॉक हरणाची जर्सी घालून. ते हरीण म्हणजे काळ्या आफ्रिकेसाठी वर्णभेदाचा शिक्का होता. ते चिन्ह कायमचं गाडावं असं मंडेलांच्या स्वतःच्या पक्षातल्या अनेकांचं मत होतं आणि त्यामागे रास्त राग होता. मंडेलांनी चिन्ह गाडलं नाही, अंगावर घेतलं. ज्यांनी ते आपल्या बापाचं समजून वापरलं त्यांच्या हातातून काढून घेण्याचा तोच मार्ग होता. सगळ्यांना मंडेला व्हायला सांगता येत नाही, कबूल. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसाला जे साधतं ते कुणालाही साधेल असं नाही. पण 2022 मध्ये अनित्ता ही गायिका अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात हिरव्या-पिवळ्या-निळ्या कपड्यांत उभी राहिली आणि हे रंग सगळ्या ब्राझीलवासीयांचे आहेत असं तिनं ठणकावलं, तेव्हा ती तेच करत होती. एखाद्यानं सामायिक विहिरीवर खाट टाकली म्हणून बाकीच्यांनी नवी विहीर खणायची, तर उद्या तो खाट घेऊन तिथंही येणार.

आपल्याकडे हा वाद कळायला जड जाऊ नये. 2019 च्या क्रिकेट विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध भारत नारिंगी जर्सीत खेळणार असं ठरलं तेव्हा महाराष्ट्राच्या राजकारणातच त्यावर केवढा धुरळा उडाला! अबू आझमींसारख्या नेत्यांना त्यात भगवेकरण दिसलं, समोरच्यांना विरोध करणाऱ्यांत देशद्रोह. कारण साधं होतं: दोन्ही संघ निळे, त्यामुळे आयसीसीच्या नियमानं एकाला बदल भाग होता. 30 जूनला एजबॅस्टनवर भारत 31 धावांनी हरला आणि मेहबूबा मुफ्तींनी विजयाची मालिका खंडित झाल्याचा दोष जर्सीला दिला. माराकानाच्या पांढऱ्या जर्सीची आमच्याकडची ही आवृत्ती. या सगळ्या गदारोळात नारिंगी ठरवला कुणी, कुठल्या पर्यायांतून, त्या खोलीत कोण बसलं होतं, हे किती जणांनी विचारलं? आयसीसीनं पर्याय दिले, बीसीसीआयनं निवडला, विषय संपला. भगवा की नारिंगी यावर मात्र आठवडाभर चर्चा झडल्या.

आता ज्यांना हे सगळं पोटभरल्यांचं भांडण वाटतं त्यांच्याकडे वळू. कापडाचा तुकडा तो, म्हणतात. महासंघाचा भ्रष्टाचार बघा, मैदानं बघा, रंग काय घेऊन बसलात? भ्रष्टाचाराबद्दल दुमत नाही. पण कापडाचाच तुकडा असेल तर पुढाऱ्याला तो सभेत घालावासा का वाटतो, आणि कंपनी त्यासाठी पोतंभर पैसे का ओतते? नायकीनं 1996 मध्ये ब्राझीलच्या महासंघाशी करार केला. 1998 च्या अंतिम सामन्याआधी ब्राझीलच्या रोनाल्डोला झटका आला, तरी तो खेळला, संघ हरला. आणि कंपनीच्या दबावाचा संशय इतका बळावला की त्या करारासाठी ब्राझीलच्या संसदेत चौकशी समिती बसली. दबाव सिद्ध झाला नाही. पण देशाच्या संघाचे कोणते हक्क कुणाला विकलेत हे लोकांना कळायला खासदारांना समिती नेमावी लागली, हे पुरेसं बोलकं आहे. कापडावरून चौकशी समित्या बसत नसतात.

राहिला बाजार. तो म्हणतो, लोकांना आवडलं तर घेतील, नाहीतर पडून राहील, याहून मोठी लोकशाही कोणती? 2024 ची जर्मनीची गुलाबी-जांभळी जर्सी पाहा, आधी टिंगल झाली आणि मग ती धडाक्यात खपली. हा दाखला मी मोकळेपणी मान्य करतो. गुलाबी जर्मनीनं मलाही हसवलं होतं आणि नंतर आवडली. दुसऱ्या जर्सीत खेळकरपणाला जागा असावी. पण त्याच वर्षी इंग्लंडच्या कॉलरमागे त्यांच्या झेंड्यावरच्या सेंट जॉर्जच्या लाल क्रॉसमध्ये जांभळा-निळा मिसळला गेला तेव्हा त्या वेळचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि विरोधी पक्षनेते किअर स्टार्मर, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, एकाच सुरात चिडले. कंपनीनं 1966 च्या सरावाच्या कपड्यांवरून हे सुचलं असं सांगितलं. मला तो बदल क्षुल्लक वाटतो, चिडणारे पुढारी त्याहून क्षुल्लक. तरी एक गोष्ट खटकते: खेळाडू घालतात तशी ती जर्सी सुमारे 125 पौंडांना होती. विक्रीलाच मतदान मानायचं तर एका मताला 125 पौंड पडतात. ज्याच्याकडे नाहीत त्याचं मत कुठे?

आणि जगात ही जर्सी अंगावर मिरवणाऱ्यांतले बहुतेक त्याच रांगेत आहेत. मीही त्यातलाच. 2002 च्या जूनमध्ये कोल्हापुरात, जिथं पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि विश्वचषक आला की चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मी रस्त्यावरच्या गाड्यावरून पिवळी जर्सी घेतली. मागे 9, पुढे छापील बोधचिन्ह. त्यावर प्रत्येक विश्वविजेतेपदाचा एक असे चार तारे हवे होते, तीनच होते. बनवणाऱ्यानं 1994 चं विजेतेपद बहुधा ऐकलंच नव्हतं. पहिल्याच धुण्यात तिचा रंग सुटला आणि बादलीतले बाबांचे पांढरे बनियन पिवळे झाले. ब्राझीलनं 1953 मध्ये वर्षभर खपून जे केलं ते आमच्या मोरीत अर्ध्या तासात उरकलं. 30 जूनला दुपारी साडेचारला अंतिम सामना सुरू झाला, रोनाल्डोनं दोन गोल केले, आणि गल्लीत आमच्या तीन ताऱ्यांच्या पिवळ्या जर्सी नाचल्या. कंपनीच्या हिशेबात आमची नोंद ‘नकली माल’ अशी होईल. पण त्या पिवळ्याची पत वाढवली कुणी? रिओच्या झोपडपट्टीतल्या, कोळिकोडच्या, कोलकात्याच्या, मडगावच्या अशा लाखो नकली जर्सींनीच ना?

मग काय, दर वेळी जनमत घ्यायचं? नको. ऑनलाइन मतदानातून काय काय निघतं ते आपण पाहतो. उद्या कुणीतरी केळ्याचं चित्र निवडून आणेल. घोळक्याच्या हाती ब्रश दिल्यानं चांगलं चित्र होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण 1953 च्या स्पर्धेत मतदान नव्हतंच. अट जाहीर होती, दार उघडं होतं, निवडणारे ठरलेले होते आणि त्यांचा निकाल सगळ्यांना दिसत होता. आज एवढंही का जमू नये? मूळ जर्सीचा रंग बदलायचा असेल तर प्रस्ताव दोन वर्षं आधी मांडा, कारण सांगा, विरोध ऐका, जुन्या खेळाडूंना आणि प्रेक्षकांच्या संघटनांना बोलवा, मग ठरवा. दुसऱ्या जर्सीत हवे ते खेळ करा, पण महासंघानं कंपनीशी केलेला करार लोकांना वाचता येऊ द्या. या वाटेनं लाल आला तर मी त्याचं स्वागत करीन. आणि हीच वाट टाळून कुणी पिवळा अधिक झळाळता केला, तर त्यालाही माझा विरोध असेल.

श्लीला पुढे पुढे आपल्या जर्सीचा उबग आला होता. फुटबॉल चालवणाऱ्यांचे व्यवहार त्याला सोसत नसत. जगभर कोट्यवधी विकल्या गेल्या तरी ती त्याची राहिली नव्हती, आणि तशी ती राहावी असा त्याचा हट्टही दिसत नाही. 15 नोव्हेंबर 2018 ला तो वारला. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये मैत्रीपूर्ण सामना होता, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. नेमारनं पेनल्टीवर गोल केला, ब्राझील 1-0 नं जिंकला. श्ली असता तर बहुधा हळहळला असता.